मोठेपणी दातांना तारा लावताना

"तारा पोरांच्या दातांना लावतात, आपल्याला या वयात कशाला?" असं गटाच्या बैठकीत एखादी तरी म्हणतेच. पण दात सरळ करायला वयाची अट नाही. तिशी-चाळिशीतही तारा लावता येतात. फक्त त्याने तोंडात काय होतं, हे समजून घेऊन मगच खर्चाला हात घालावा.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचं मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ थर असतो. तारेचा हलका दाब पडला की दात ज्या बाजूला सरकतो तिथलं हाड हळूहळू विरतं आणि मागे मोकळ्या झालेल्या जागेत नवं हाड भरतं. दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटर सरकतो. म्हणून उपचाराला दीड-दोन वर्षं लागतात, कधी त्याहून जास्त. जोरात ओढून काम लवकर होत नाही, उलट मुळं झिजतात. तार आवळल्यावर दोन-चार दिवस दात ठणकतात, थोडे हलतातही. तेवढे दिवस मऊ भात, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी खावी. ऊस आणि चिक्की तारा निघेपर्यंत नकोच.

आता जबड्याचं. लहान मुलांचा जबडा वाढत असतो, त्याला वळण देता येतं. आपला वाढून झालेला असतो. तारांनी आपले दात सरकतात, जबडा लांब किंवा आखूड होत नाही. खालचा जबडा फारच पुढे किंवा मागे असेल, तर शस्त्रक्रिया लागू शकते. दातांची दाटी असेल, तर जागा करायला कधी एखाद-दुसरा दात काढावा लागतो.

सगळ्यात महत्त्वाच्या हिरड्या. आपल्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं मिश्री लावतात. त्याने हिरड्या खाली सरकतात, दातांचा आधार कमी होतो. दात घासताना रक्त येत असेल किंवा दात हलत असेल, तर आधी हिरड्यांचा उपचार करा. सुजलेल्या हिरड्यांवर तारा बसवल्या तर हाड आणखी झिजतं आणि असलेला दातही जातो. मिश्री, तंबाखू बंदच करावी. मधुमेह असेल, हाडं ठिसूळ झाल्याच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील, तर डॉक्टरांना आधी सांगा.

तारा काढल्या म्हणजे काम संपलं असं नाही. दात जुन्या जागी परत जाऊ पाहतात. त्यांना धरून ठेवणारा रिटेनर पुढे कितीतरी वर्षं, बहुधा रात्री, वापरावा लागतो.

तारांचं काम ऑर्थोडॉन्टिस्टचं, म्हणजे त्या विषयात एम.डी.एस. केलेल्या दंतवैद्यांचं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी दंत महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येईल. गटातून कर्ज उचलण्याआधी चार गोष्टी विचारा: एकूण खर्च किती? तो हप्त्याने देता येईल का? रिटेनर त्यात धरलाय का? किती खेपा होतील? दर चार-सहा आठवड्यांनी जावं लागतं, म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरीही हिशेबात धरा. हिशेब जमत नसेल, तर आधी हिरड्या सांभाळा. दात वाकडे असले तरी निरोगी हिरड्यांत ते टिकतात.