बोराएवढ्या हृदयाचे फोटो

विसाव्या आठवड्यात पोटातल्या बाळाचं हृदय जेमतेम बोराएवढं असतं आणि मिनिटाला 110 ते 160 वेळा धडधडतं. ॲनोमली स्कॅन साधारण 18 ते 22 आठवड्यांत करतात, तेव्हा डॉक्टरांना हे धावतं हृदय तपासायचं असतं.

आईच्या पोटावर फिरवायचा सोनोग्राफीचा प्रोब आधी बाळाच्या जठराच्या पातळीवर ठेवतात. जठर आणि हृदय दोन्ही डावीकडेच आहेत ना, हे पाहतात. मग प्रोब छातीकडे सरकतो आणि चार कप्पे दिसतात. हृदयाने छातीचा सुमारे तिसरा हिस्सा व्यापलेला असावा आणि त्याचं टोक साधारण 45 अंशांत डावीकडे झुकलेलं असावं. फाइलला टाचलेला फोटो बहुतेक वेळा इथलाच असतो, कारण तो देखणा येतो.

पण चार कप्पे छान दिसूनही महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांची अदलाबदल झालेली असू शकते. म्हणून प्रोब आणखी वर न्यावा लागतो. निरोगी हृदयातून निघताना या दोन धमन्या एकमेकींना ओलांडतात. अदलाबदल असली तर समांतर धावतात. त्याहून वर फुप्फुसधमनी, महाधमनी आणि वरची महाशिरा उतरत्या आकाराने एका ओळीत दिसायला हव्यात, शेजारी श्वासनलिका. या प्रत्येक ठिकाणचा फोटो जपायला हवा.

तरी फोटो तो फोटोच. त्यात झडप उघडी की बंद, हे पडदा कोणत्या क्षणी गोठवला यावर ठरतं. ध्वनिलहरी हृदयाच्या कप्प्यांमधल्या पडद्याला समांतर गेल्या तर पातळ भाग पुसला जातो आणि नसलेलं छिद्र दिसू लागतं. यावर माझ्या मते सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे जठरापासून गळ्याच्या दिशेने प्रोब सावकाश सरकवत घेतलेली काही सेकंदांची क्लिप. तीन सेकंदांत सहज सहा-सात ठोके येतात. नंदुरबारला केलेल्या तपासणीवर पुण्याच्या बालहृदयरोगतज्ज्ञाचं मत घ्यायचं तर ही क्लिपच कामी येते. महाधमनीचं अरुंदपण कधी कधी जन्मानंतरच लक्षात येतं. तेव्हा मागे वळून पाहायलाही तीच लागते.

क्लिप मशीनच्या डिस्कवरच राहिली, तर जागा भरल्यावर जुनी पुसली जाते. ती डायकॉम या वैद्यकीय चित्रांच्या प्रमाणित स्वरूपात सर्व्हरवर उतरवली की नाव, तारीख, मोजमापं तिच्यासोबत राहतात. मशीनच्या पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रण ही माहिती अशी सोबत ठेवत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी नियमांनुसार सोनोग्राफीच्या प्लेट्ससह नोंदी किमान 2 वर्षं ठेवाव्या लागतात; कोर्टात प्रकरण असेल तर त्याचा निकाल लागेपर्यंत.

आणि घरच्या फाइलमधला थर्मल प्रिंट? उन्हात तो फिका पडतो. लॅमिनेशन मात्र करू नका. त्या उष्णतेने कागद काळा पडतो, हृदयासकट.