तीन बोटं मावतात का?

वणीच्या कोळसा पट्ट्यापासून पुसदच्या बाजारापर्यंत यवतमाळ जिल्ह्यात कुठल्याही पानटपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून खर्रा घोटला जातो. अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेची खरी अडचण इथूनच सुरू होते.

साधारण १७ ते २५ वर्षे वयात येणाऱ्या या दाढेला जबड्यात जागा उरली नाही, तर ती तिरपी होऊन पुढच्या दाढेला टेकते. अर्धवट बाहेर आली की हिरडीच्या झाकणाखाली अन्न अडकते, पू होतो, गाल सुजतो आणि तोंड उघडेनासे होते. हे आखडणे तात्पुरते असते. संसर्ग उतरला की जबडा मोकळा होतो.

खर्ऱ्याने आखडलेले तोंड मात्र तसे सुटत नाही. सुपारीतले अरेकोलिन गालातल्या पेशींना जास्त कोलॅजन बनवायला लावते. सुपारीतल्या तांब्यामुळे त्याचे धागे एकमेकांत घट्ट विणले जातात. गाल चामड्यासारखा ताठर होतो. हाच सबम्यूकस फायब्रोसिस. त्यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो.

एरवी अक्कलदाढ काढताना डॉक्टर जागा बधिर करून हिरडी बाजूला सारतात, सलाईनची धार सोडत बरने, म्हणजे फिरत्या कोरणीने, हाड कोरतात, दाढेचे तुकडे करून ते काढतात आणि टाके घालतात. दाढेच्या मुळांलगत ओठाला संवेदना देणारी नस असते, म्हणून आधी एक्स-रे लागतो. पण तोंड दोन बोटंही उघडत नसेल, तर सुई आणि बर आत न्यायचे कसे? सुईपुरता मार्ग आहे: वझिरानी यांनी १९६० मध्ये आणि अकिनोसी यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दात मिटलेले असतानाच गालाच्या बाजूने बधिरतेचे इंजेक्शन देता येते. बरला मात्र जागा लागतेच.

न दुखणारी, निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नये. पण खर्रा खाणाऱ्याची दाढ वारंवार सुजत असेल, तर चालढकल महागात पडते. स्वतःची तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. मावली नाहीत, तर आधी दंतवैद्याला गाठा. खर्रा सोडल्याने ताठरलेला गाल पूर्ववत होत नाही. पण पुढचे आखडणे थांबू शकते, आणि दाढ काढल्यावरची जखमही नीट भरते.