१८७४ चं एक प्रदर्शन आणि तुमचा लिटरेचर रिव्ह्यू

ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. पॅरिसच्या 'सलों' या मोठ्या सरकारमान्य प्रदर्शनाने नाकारलेले काही चित्रकार एकत्र आले आणि त्यांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेचं सूर्योदयाचं चित्र पाहून झाडून सगळ्या समीक्षकांनी टर उडवली आणि त्या टिंगलीतून 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव पडलं. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

गोष्ट छान आहे. पण समजा ती थिसिसमध्ये लिहिलीत आणि गाईडने विचारलं, "हे कशावरून?" तर?

माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये असंच एक वाक्य होतं. एका पेपरने दुसऱ्या पेपरचा हवाला दिला होता, तो मी तसाच उचलला. मूळ पेपर उघडला, तर त्यात ते म्हटलेलंच नव्हतं! म्हणून आज या गोष्टीचे तुकडे करू आणि एकेक तपासून बघू.

दावा १: हे सगळे इम्प्रेशनिस्ट होते

कलाकारांनी डिसेंबर १८७३ मध्ये स्वतःची भागीदारी संस्था काढली. वर्षाची वर्गणी ६० फ्रँक, आणि चित्रं निवडणारी समिती नाही. १५ एप्रिल १८७४ ला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत महिनाभराचं प्रदर्शन सुरू झालं. त्याचा छापील कॅटलॉग आजही बघायला मिळतो. त्यात सुमारे ३० कलाकार आणि १६५ नोंदी आहेत.

आता आठवा, यातली किती नावं आपल्याला माहीत आहेत? मोने, रेन्वार, देगा, पिसारो, सिस्ले, मोरिसो, सेझां. झाली सात. बाकीच्यांची एचिंग, शिल्पं, मीनाकाम आणि अगदी पारंपरिक वळणाची चित्रंही तिथेच होती. पुढे प्रसिद्ध झालेल्या सात जणांवरून आपण अख्ख्या प्रदर्शनाचं वर्णन करतो. याला सर्व्हायव्हरशिप बायस म्हणतात. टिकून राहिलेलंच फक्त मोजायचं आणि गळालेलं विसरायचं. फक्त यशस्वी प्रयोगांचे पेपर वाचून मत बनवताना आपण नेमकं हेच करतो.

दावा २: हे सगळे नाकारलेले होते

बर्थ मोरिसोची चित्रं १८६४ पासून सलोंमध्ये लागत होती. दे नित्तिसचं चित्र तर त्याच वर्षी सलोंमध्येही होतं. तारखाही बघा. सलों १ मे रोजी उघडायचं होतं आणि हे त्याच्या दोन आठवडे आधी उघडलं. नाकारलेल्या चित्रांचं म्हणून जे गाजलं ते प्रदर्शन १८६३ चं. दोन वेगळ्या घटना एकीत मिसळल्या गेल्यात. काहींना सलोंने पूर्वी नाकारलं होतं हे खरं, पण 'काही' आणि 'सगळे' यांत फरक आहे.

दावा ३: सगळ्यांनी टर उडवली

लुई लरुआचा तो प्रसिद्ध लेख २५ एप्रिलला 'ल शारिवारी'मध्ये आला. हे विनोदी, व्यंग्यात्मक वर्तमानपत्र. लेखात एक काल्पनिक म्हातारा चित्रकार प्रदर्शन बघत बघत वेडापिसा होतो. म्हणजे हा विनोदी लेख आहे, त्याला सगळ्यांचं मत कसं मानायचं? चारच दिवसांनी कास्तान्यारी या समीक्षकाने 'ल सिएक्ल'मध्ये तोच शब्द सरळ अर्थाने वापरला. हे लोक निसर्गदृश्य रंगवत नाहीत, ते पाहून मनावर जो ठसा उमटतो तो रंगवतात, असं त्याचं म्हणणं होतं. इतरही काही परीक्षणं बऱ्यापैकी अनुकूल होती.

मग फटका बसला तो कुठे? पैशांत. जेमतेम साडेतीन हजार लोक आले. वर्षअखेरीस हिशेब झाला तेव्हा प्रत्येक सदस्याच्या अंगावर १८४.५० फ्रँक देणं निघालं आणि संस्था गुंडाळावी लागली. टिंगलीच्या गोष्टीत हा आकडा सहसा येत नाही. तरीही यांतल्या काहींनी १८७६ मध्ये पुन्हा प्रदर्शन भरवलं, १८७७ मध्ये 'इम्प्रेशनिस्ट' हे नाव स्वतःहून लावलं आणि १८८६ पर्यंत एकूण आठ प्रदर्शनं झाली. आठही वेळा चित्रं लावणारा एकटा पिसारो.

बघा, मूळ गोष्ट पूर्ण खोटी नाही. लरुआचा लेख खरा आहे, नावही खरं आहे. घोळ आहे तो 'सगळे' या शब्दात. आपल्या रिव्ह्यूमध्येही असेच शब्द घुसतात: 'सर्वमान्य आहे', 'अनेक अभ्यासांनी दाखवलं आहे'.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमच्या ड्राफ्टमधलं सगळ्यात खात्रीचं वाटणारं एक वाक्य घ्या आणि तीन गोष्टी तपासा. मूळ स्रोत तुम्ही स्वतः उघडला आहे का? तो कोणत्या प्रकारचा आहे, मूळ संशोधन, आढावा की कुणाचं मत? आणि त्याच काळात कुणी वेगळं म्हटलं होतं का? वाक्य टिकलं तर उत्तम. नाही टिकलं तर दुरुस्त करा. व्हायव्हात कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.