जेरुशा झिराड
डॉ. जेरुशा झिराड (जन्म : २१ मार्च १८९०, शिमोगा, तत्कालीन म्हैसूर संस्थान) या बेने इस्रायल समाजातील स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भारतातील उदारमतवादी ज्यू धर्मचळवळीच्या आद्य प्रवर्तक होत्या. बेने इस्रायल हा कोकणातून आलेला मराठीभाषक ज्यू समाज असून झिराड हे आडनाव अलिबागजवळच्या गावावरून आले आहे.

शिक्षण आणि वैद्यकीय कार्य
पुण्यातील मुलींच्या हायस्कुलात व मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या लंडनला गेल्या. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९१९ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी संपादन केली. १९२८ ते १९४७ या काळात त्या मुंबईच्या कामा रुग्णालयात होत्या. शहरातील मातामृत्यूंच्या कारणांविषयीचा त्यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

धर्मकार्य
परंपरागत सिनेगॉगमध्ये स्त्रिया सज्जात वा वेगळ्या जागी बसत. सामुदायिक प्रार्थनेसाठी लागणाऱ्या दहा जणांत त्यांची गणना होत नसे. मग धर्मोपदेशाचा प्रश्नच नव्हता. लंडनमध्ये मात्र लिली माँटेग्यू (१८७३–१९६३) यांनी १९०२ साली क्लॉड माँटेफिओरे यांच्या साहाय्याने ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली होती, आणि १५ जून १९१८ रोजी त्यांनी लिबरल ज्यूइश सिनेगॉगमध्ये प्रवचनही केले. (माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमुळे मराठी वाचकांना परिचित असलेले भारतमंत्री एडविन माँटेग्यू हे त्यांचे बंधू.) त्या कामगार मुलींसाठी क्लबही चालवत, शिक्षण आणि उपासना ही त्यांच्या दृष्टीने वेगळी कामे नव्हती.

या विचारांचा झिराड यांच्यावर प्रभाव पडला. १९२५ साली त्यांच्या पुढाकाराने मुंबईत त्याच नावाची प्रार्थनामंडळी सुरू झाली. तेथे स्त्रीपुरुष एकत्र बसत आणि प्रार्थनेचा अर्थ कळावा यावर भर असे. हिब्रू न समजणाऱ्यांसाठी ही बाब महत्त्वाची होती. अर्थात धर्म मराठीतून सांगण्याची प्रथा समाजाला नवी नव्हती. बायबलमधील कथांवर मराठी कीर्तने १८८० पासून होत होती. नवी होती ती स्त्रीची बरोबरी.

बहुसंख्य बेने इस्रायल जुन्या सिनेगॉगांशीच जोडलेले राहिले. मंडळी पुढे रोडेफ शालोम या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४८ नंतर समाजातील अनेक कुटुंबे इस्रायलला स्थलांतरित झाल्याने मुंबईतील इतर सिनेगॉगांप्रमाणे तिचीही उपस्थिती रोडावली.