बर्फाचा वैरी

ग्रीनलंडचं छायाचित्र हाती आलं की मी आधी त्यातले काळे ठिपके शोधतो. गेली बारा-पंधरा वर्षं ही सवय आहे, आणि ती लागली १८७२ सालच्या एका प्रवासवृत्तान्तामुळे. ‘जिऑलॉजिकल मॅगझिन’ या इंग्रजी नियतकालिकात तो छापून आला होता. लेखक आडॉल्फ एरिक नॉर्डेनशिओल्ड. पुढे ‘व्हेगा’ जहाजातून आशियाच्या उत्तरेचा सागरी मार्ग पार करून हा माणूस जगभर गाजला. तेव्हा तो स्टॉकहोममधला खनिजशास्त्रज्ञ होता. ध्रुवाकडचा बर्फ का वितळतो हे आज कुणालाही विचारलं तर उत्तर येतं, हवा तापली म्हणून. उत्तर बरोबरच आहे. पण त्या वृत्तान्तात आणखी एक उत्तर होतं, आणि त्याच्याकडे शंभराहून अधिक वर्षं फारसं कुणी पाहिलं नाही.

जुलै १८७०. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीतून नॉर्डेनशिओल्ड आणि वनस्पतिशास्त्रज्ञ स्वेन बेर्गग्रेन हिमपठारावर चढले. बरोबरचे दोन ग्रीनलंडवासी लवकरच माघारी फिरले, हे दोघे मात्र पन्नासहून अधिक किलोमीटर आत गेले. पांढऱ्या सपाटीची अपेक्षा होती. प्रत्यक्षात पायाखालचा बर्फ चाळणीसारखा होता. वीतभर ते हातभर खोल, उभे, गोल खळगे. प्रत्येकात स्वच्छ पाणी आणि तळाशी करड्या भुकटीचा पातळ थर. खळगे इतके दाट, की पाऊल टेकायला जागा मिळेना, मग अंथरूण पसरायचं कुठे? पुढे निळ्या काठांची नदी आडवी आली. काठाकाठाने ते चालत गेले, तर ती गर्जना करत एका विवरात कोसळत होती. अशा विवराला आज सगळे ‘मुलँ’ म्हणतात; फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ गिरणी.

नॉर्डेनशिओल्डने भुकटीला नाव दिलं ‘क्रायोकोनाइट’, म्हणजे हिमधूळ. ती आली कुठून, यावरून पुढे जे रामायण घडलं, त्यात मी सगळ्यात जास्त रमलो.

त्याच उन्हाळ्यात त्याला त्याच किनाऱ्यालगतच्या डिस्को बेटावर ओविफाक इथे समुद्रकाठी लोखंडाचे प्रचंड धोंडे सापडले. सगळ्यात मोठा वीस टनांहून वजनदार. उल्का, दुसरं काय? पुढच्या वर्षी जहाजं पाठवून ते स्वीडनला नेले. आणि मग आकाशातून पडणारं लोखंड त्याला जिथेतिथे दिसू लागलं. हिमधुळीत लोहचुंबकाला चिकटणारे कण मिळाले, तेव्हा तीही आकाशातलीच ठरली. डिसेंबर १८७१ मध्ये स्टॉकहोमला मोठी हिमवृष्टी झाली, तर त्याने तो बर्फ वितळवून गाळातलं लोखंड शोधलं. मला हा ध्यास भावतो. आभाळातून पडणारी चिमूटभर धूळ मोजण्यासाठी घरासमोरचा बर्फ वितळवणाऱ्या माणसाबद्दल आदरच वाटतो.

पण के. जे. व्ही. स्टेनस्ट्रुप हा डॅनिश भूशास्त्रज्ञ डिस्कोच्या कातळात हिंडला आणि तेच लोखंड त्याला थेट बेसाल्टच्या पोटात मिळालं. लाव्हा कर्बयुक्त थरांतून वर येताना त्यातलं लोह शुद्ध धातू होऊन साकळलं होतं. धोंडे पृथ्वीचेच निघाले. हिमधुळीबद्दलही इतरांनी तेच दाखवलं: बहुतेक कण आसपासच्या उघड्या खडकांवरून वाऱ्याने आणलेले. नॉर्डेनशिओल्ड हरला, असं मी बरीच वर्षं समजत होतो.

मग मिशेल मोरेत या फ्रेंच शास्त्रज्ञाचं काम वाचनात आलं. १९८४ मध्ये तो याच पश्चिम ग्रीनलंडला गेला आणि बर्फावरच्या तळ्यांच्या तळाची धूळ त्याने पंपाने उपसली. ओढ्यांनी वर्षानुवर्षं वाहून आणलेला गाळ तिथे साठतो, नदीकाठी सोन्याचे कण साठावेत तसा. तो चाळल्यावर हाती आल्या बारीक, वितळून गोल झालेल्या गोळ्या. अवकाशातून आलेले अस्सल कण! प्रमाण नगण्य, पण होते.

या सगळ्या धुमाळीत बेर्गग्रेन मागे पडला. त्याच्याबद्दल वाचायला मिळतं ते फार थोडं: १८३७ चा जन्म, शेवाळी वनस्पतींचा जाणकार, न्यूझीलंडपर्यंत जाऊन आलेला, लुंडला प्राध्यापक. पुढाऱ्याची नजर लोखंडावर असताना त्याने बर्फाचा मळकट थर सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यात जिवंत पेशी पाहिल्या. एकापुढे एक जोडलेल्या, जांभळट-तपकिरी. नाव मात्र त्याने पुढाऱ्याचंच दिलं: अँसिलोनेमा नॉर्डेनशिओल्डी.

हे शेवाळ जमिनीवरच्या झाडांच्या जवळच्या नात्यातलं आहे. त्याचं जांभळं द्रव्य आतल्या हरितद्रव्याला प्रखर उन्हापासून वाचवतं. शोषलेल्या उन्हाची उष्णता होते, शेजारचा बर्फ पाझरतो आणि पेशीला हवं ते पाणी मिळतं. आपल्यापुरता पाणवठा ते स्वतःच तयार करतं. नॉर्डेनशिओल्डला याचं मर्म कळलं होतं, हे त्याचं मोठेपण. या वनस्पतीला त्याने बर्फाचा मोठा वैरी मानलं. इतकंच काय, एकेकाळी उत्तर युरोप झाकून टाकणारा बर्फ हटून तिथे शेतं आणि रानं आली, यातही तिचा वाटा असावा असं त्याने लिहिलं. १८७२ साली!

मोजमाप व्हायला २०२० उजाडलं. नैर्ऋत्य ग्रीनलंडच्या बर्फावरून २०१७ च्या उन्हाळ्यात जे पाणी वाहून गेलं, त्यातलं १० ते १३ टक्के या शेवाळामुळे वाढलेलं होतं, असा हिशोब २०२० मध्येच प्रसिद्ध झाला. आणि तिथलं वाहून जाणं म्हणजे काय, याची कल्पना यावी म्हणून दोनच गोष्टी. २९ जुलै २००६ रोजी तिथलं साडेपाच चौरस किलोमीटरचं एक तळं, खालचा जवळजवळ किलोमीटरभर जाड बर्फ फोडून, दीड तासाच्या आत रिकामं झालं. जुलै २०१२ मध्ये कांगरलुस्सुआक गावातला नदीवरचा पूल बर्फाच्या पाण्याने तोडून नेला.

 

उपग्रहाच्या छायाचित्रांत पश्चिम ग्रीनलंडच्या बर्फावर, काठापासून थोडा आत, दर उन्हाळ्यात एक लांबच लांब काळसर पट्टा उमटतो. शास्त्रज्ञ त्याला ‘डार्क झोन’ म्हणतात. जुन्या नकाशावरून मी ती खाडी शोधली आणि १८७० ची वाट त्या छायाचित्रावर पेन्सिलने आखली. रेघ सरळ त्या पट्ट्यात शिरते. अंथरुणापुरती कोरडी जागा ते दोघे शोधत होते, ती इथेच.