लेखांक सातवा : एक मुलगी, दोन नावं

पौडकडच्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना.

लग्न झालंय, शिक्षण चालू आहे. घरचं आवरून रोज रात्री मोबाइलवर तिने 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरचा एनपीटीईएलचा बारा आठवड्यांचा कोर्स पुरा केला. बारा असाइनमेंटपैकी चांगल्या आठ धरतात, त्यांचे 25 मार्क. उरलेले 75 परीक्षेचे. मुळशीच्या पावसात पहाटेची एसटी पकडून तिने पुण्यातलं केंद्र गाठलं आणि पासही झाली. या कोर्सचं क्रेडिट पदवीत धरायला कॉलेजची मान्यता कोर्स सुरू होण्याआधीच लेखी घेतलेली होती, म्हणजे करायचं ते सगळं तिने केलं होतं. तरी कॉलेजच्या ऑफिसात विचारलं गेलं, "हे सर्टिफिकेट तुमचंच कशावरून?"

पिरंगुटला भेटलो तेव्हा तिने कागद टेबलावर मांडले. बारावीच्या मार्कशीटवर आधी माहेरचं आडनाव, मग तिचं नाव, मग वडिलांचं. आधारवर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. सर्टिफिकेट आधारप्रमाणे, कारण परीक्षेच्या फॉर्मात जे नाव भराल तेच त्यावर छापून येतं. सगळीकडे सारखं होतं ते फक्त तिचं स्वतःचं नाव, आणि त्याच्याही स्पेलिंगात एकीकडे डबल ई, दुसरीकडे आय!

आपल्याकडे हे घरोघरी आहे. बोर्ड आडनाव पुढे लिहितं, आधार मागे. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची चाल, म्हणून हा फटका मुलींनाच जास्त बसतो. पूर्वी ऑफिसातले भाऊसाहेब चेहरा ओळखायचे, निभून जायचं. आता तसं नाही. जुलै 2021 मध्ये यूजीसीने अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा ठेवणाऱ्या बँकेचे नियम आणले. तिथलं खातं डिजीलॉकरमधून, आधारवरच्या नावाने उघडतं. कॉलेजच्या रजिस्टरला एक नाव आणि खात्याला दुसरं, की क्रेडिट मधेच अडकतं. मला ही योजना मनापासून आवडते. मुळशीतल्या वाडीवस्तीवरच्या मुलीला आयआयटीतल्या प्राध्यापकाकडे शिकून ते क्रेडिट आपल्या पदवीत धरून घेता येतं, ही लहान गोष्ट नाही. म्हणून अशी मुलगी आडनावापाशी अडलेली पाहून जीव तुटतो.

तिने विचारलं, "सर, आधार परत माहेरच्या नावावर करू का?" घाई करू नकोस, म्हटलं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि एक संधी तिची लग्नानंतर खर्ची पडलीय. पदवीवर कुठलं नाव हवं, हे आधी तिने स्वतः ठरवायचं. घरच्यांनी नाही. तिला सासरचं हवंय. मग विवाह नोंदणीचा दाखला जोडून राजपत्रात नावबदल छापून आणायचा आणि तो अंक लावून कॉलेजात नाव दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. स्पेलिंगही त्याच अर्जात एकसारखं करून घ्यायचं. सर्टिफिकेटवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की कोर्स आणि मार्क खरे आहेत हे ऑफिसला तिथल्या तिथे दिसतं. राहतो तो प्रश्न नावाचा, आणि त्यासाठी राजपत्र पुरेसं आहे.

साधारणपणे या क्रेडिट बँकेत क्रेडिट सात वर्षांपर्यंत ग्राह्य राहतं, त्यामुळे तिची मेहनत बुडालेली नाही. पण निकाल सात वर्षं थांबणार नाही, म्हणून अर्ज याच आठवड्यात.

ज्यांनी या सत्रात नाव नोंदवलंय त्यांनी आज रात्रीच मार्कशीट आणि आधार शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल, तोवर दुरुस्तीला फुकट वाव आहे. एकदा सर्टिफिकेट निघालं की तिच्यासारखे हेलपाटे आहेत.

तिचा अर्ज आम्ही तिथेच बसून लिहिला. खाली सही करताना तिचा हात क्षणभर थांबला. "कुठल्या नावाने करू?"