खसखस दुबईला नको, खोबरं कुठेच नको

परदेशातल्या लेकीकडे किंवा मुलाकडे निघालेल्या आईवडिलांची तयारी बहुतेक घरांत बॅगेच्या वजनापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. शेजाऱ्यांकडून काटा आणून २३ किलोंचा हिशेब लावला जातो. पण जादा वजनाचे पैसे भरता येतात. नावातला घोळ काउंटरवर उभं राहून निस्तरणं फार अवघड.

विमानतळावरची तपासणी एकसलग वाटली, तरी प्रत्येक टप्प्यावरचा माणूस वेगळा आणि तो शोधतोही वेगळं. एकाने सोडलं म्हणजे पुढचा सोडेलच असं नाही. सुरुवात विमान कंपनीपासून. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी पलीकडे उतरला, तर दंड कंपनीला होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच पडते. त्यामुळे काउंटरवरची मुलगी पासपोर्ट उलटसुलट करून पाहते, यात तिचा आगाऊपणा काही नाही. आपली गडबड होते ती इथेच. पासपोर्टवर स्वतःच्या नावासाठी एक रकाना आणि आडनावासाठी दुसरा. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्याच रकान्यात जोडून येतं. तिकीट काढणारा भाचा ते गाळतो. किंवा पासपोर्ट माहेरच्या आडनावाचा आणि तिकीट सासरच्या! तिकिटाचे पैसे भरण्याआधी पासपोर्ट समोर उघडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावं. तेव्हाच मुदतही बघावी. पासपोर्ट निदान सहा महिने चालू असावा, अशी अनेक देशांची अट असते. आधार कार्डाचा परदेशवारीत ओळखपत्र म्हणून सहसा उपयोग नाही. नेपाळ-भूतानला पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं.

इमिग्रेशनला साधे प्रश्न असतात: कुठे, कोणाकडे, किती दिवस. मुलाचा पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर छापून जवळ ठेवावं, फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच मान टाकते.

मग सीआयएसएफची सुरक्षा तपासणी. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनमध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं विमानात नेण्याचा कट उघडकीला आला. हातातल्या सामानात १०० मिलिलिटरची मर्यादा आली ती त्यानंतर. मोजली जाते ती बाटली, आतला ऐवज नव्हे; २०० मिलिलिटरची ट्यूब तळाला गेलेली असली तरी कचऱ्याच्या डब्यात जाते. तूप, लोणचं, चक्का हेही याच हिशेबात धरा आणि मोठ्या बॅगेत भरा. पॉवर बँकेचं नेमकं उलट: लिथियम पेट घेऊ शकतं, म्हणून ती हातातल्या बॅगेतच हवी. १०० वॅट-तासांपर्यंत चालते. बाजारातली २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते. आणि सुकं खोबरं? त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेटू शकतं, म्हणून हवाई वाहतुकीच्या नियमांत त्याची गणना धोकादायक मालात होते. गोड्या मसाल्यासाठी नेलेल्या वाट्या स्क्रीनवर दिसल्या, की बॅग उघडायला बोलावणं आलंच. तिकडच्या दुकानात खोबरं मिळतं, ते घ्यावं.

मुंबईत सुटलेली वस्तू पलीकडच्या कस्टम्समध्ये अडकते, हे मात्र लोकांच्या फारसं ध्यानात येत नाही. करंजीच्या सारणातली खसखस संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अमेरिकेत ताजा कढीपत्ता चालत नाही, कारण त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड जाऊ शकते. तिथे आणि ऑस्ट्रेलियात खाण्याचं काहीही असेल तर फॉर्मवर लिहावं, विचारलं तर सांगावं. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात. लपवलेलीचा दंड मोठा असतो.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवावीत. चिठ्ठीवर औषधाचं रासायनिक नाव लिहून घ्यावं, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडे कोणी ओळखत नाही. दुबईला जाणाऱ्यांनी कोडीनयुक्त खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल असेल, तर निघण्यापूर्वीच तिथल्या आरोग्य खात्याची परवानगी ऑनलाइन घ्यावी.